गॉर्डन हॉलची मुंबई

११ फेब्रुवारी १८१३ रोजी कलकत्त्याहून आलेल्या जहाजातून दोन तरुण अमेरिकन मुंबई बंदरात उतरले. गॉर्डन हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचा सोबती सॅम्युअल नॉट वयाने थोडा लहान, पण संसारी. पत्नी रोक्साना बरोबर होती. दोघांनाही शहर अनोळखी, भाषा अनोळखी, आणि इथे राहण्याचा परवाना कोणाकडेच नाही. कलकत्त्याचं सरकार त्यांच्यावर नाराज होतं. या माणसांना हिंदुस्थानात ठेवू नका, इंग्लंडला रवाना करा, असा त्याचा निरोप मुंबईच्या गव्हर्नरकडे आला. पुढची तेरा वर्षं हॉलने याच मुंबईत काढली. ज्या कामासाठी तो आला होता, ते त्याच्या हयातीत जवळपास झालंच नाही. मात्र इथे टिकून राहण्यासाठी रोज जे करावं लागलं, त्यातून मराठी मुलखाच्या पदरात बरंच काही पडलं.

कंपनी सरकारला मिशनऱ्यांचा एवढा धाक का वाटावा? कंपनी स्वतः ख्रिस्ती माणसांचीच होती, पण तिचं लक्ष व्यापारावर आणि महसुलावर. १८०६ च्या जुलैत वेल्लोरच्या किल्ल्यात शिपायांनी बंड केलं. नव्या पगडीचा आणि कपाळावरचं गंध पुसण्याचा हुकूम हे त्याचं तात्कालिक कारण. आपल्याला बाटवण्याचा डाव आहे, हा संशय शिपायांच्या मनात घर करून बसला होता. त्यानंतर धर्मप्रचारक म्हटला की कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडू लागली. विल्यम केरीसारखा माणूससुद्धा कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात, डॅनिश लोकांच्या ठाण्याच्या आश्रयाने, काम करत होता. त्यात हॉल आणि नॉट अमेरिकन. ते समुद्रावर असतानाच, १८१२ च्या जूनमध्ये, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं. कलकत्त्यात पाय ठेवला तेव्हा ते केवळ नकोसे पाहुणे राहिले नव्हते, शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले होते.

हॉल मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड नावाच्या छोट्या गावातला, शेतकरी घरातला. अंगमेहनतीची सवय लहानपणापासूनची. विल्यम्स कॉलेजातून तो १८०८ मध्ये पदवीधर झाला. त्या कॉलेजात आणि पुढे अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात काही तरुणांच्या डोक्यात एकच विचार घोळत होता: समुद्रापलीकडे जायचं. वूडबरी गावच्या मंडळीने हॉलला आपला पाळक म्हणून बोलावलं. घर, मान, ठरलेलं वेतन, सगळं समोर होतं. त्याने नकार दिला. या तरुणांच्या आग्रहातूनच १८१० मध्ये बोस्टनच्या परिसरातल्या धर्मधुरीणांनी परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्डाची स्थापना केली. ६ फेब्रुवारी १८१२ ला सेलम गावात पाच जणांना दीक्षा मिळाली आणि पंधरवड्यानंतर ते दोन वेगवेगळ्या जहाजांनी निघाले. निघण्याआधी हॉल फिलाडेल्फियाला जाऊन वैद्यकाची व्याख्यानं ऐकून आला होता. परमुलखात वैद्य कुठून मिळणार, हा त्यामागचा साधा हिशेब. चौदा वर्षांनी नाशिकच्या वाटेवर तो हिशेब कसा उलटला, ते पुढे येईलच.

कलकत्त्याला पोचताच या छोट्या तुकडीचे तुकडे झाले. अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस बाप्तिस्मापंथी झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. सॅम्युअल न्यूएल पत्नी हॅरिएटला घेऊन मॉरिशसकडे निघाला. वाटेत जहाजावर तिने मुलीला जन्म दिला. ती मुलगी दगावली, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, हॅरिएटही मॉरिशसमध्ये गेली. हॉल आणि नॉटना इंग्लंडकडे जाणाऱ्या ताफ्यातून रवाना व्हायचा हुकूम झाला होता. त्यांनी पोलिसांकडून मुंबईचा पास मिळवला आणि हुकमाची अंमलबजावणी होण्याआधी जहाज गाठलं. मुंबईचा नवा गव्हर्नर सर इव्हान नेपियन धार्मिक वृत्तीचा आहे, लंडनच्या बायबल सोसायटीशी त्याचा संबंध आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या एका आशेवर त्यांनी पश्चिम किनारा धरला.

नेपियनने त्यांना हाकललं नाही, पण ठेवूनही घेतलं नाही. आज जायचं की उद्या, अशा टांगत्या अवस्थेत महिन्यांमागून महिने गेले. अशा वेळी दुसरा कोणी सामानाच्या पेट्या बांधलेल्याच ठेवून बसला असता. हॉल आणि नॉट मराठी शिकायला बसले. मला या सगळ्या हकिगतीत हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. उपदेश करायला मनाई होती, पण पंडित ठेवून अक्षरं गिरवायला कोणाची हरकत असणार? केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये श्रीरामपुरात छापून झाला होता. त्यापलीकडे हाताशी फारसं काही नव्हतं. मोल्सवर्थचा कोश यायला अजून अठरा वर्षं होती. म्हणजे शिकायचं ते पंडिताच्या तोंडून, नोकराचाकरांच्या बोलण्यातून, बाजारातल्या घासाघिशीतून. त आणि ट, द आणि ड यांतला भेद इंग्रजी जिभेला ठाऊक नसतो. ळ आणि ण तर त्या जिभेने कधी उच्चारलेलेच नसतात. लिहायच्या लिप्याही दोन. पोथ्या बाळबोधीत, तर जमाखर्च, पत्रं, खतं, सगळा रोजचा व्यवहार मोडीत. दुकानदाराची चिठ्ठी वाचायची तरी मोडीशी झटापट आलीच.

वर्षाअखेरीस टांगती तलवार कोसळली. इंग्लंडला जाणारं जहाज ठरलं. तेव्हा दोघांनी एक धाडस केलं, ते योग्य होतं की नाही यावर त्या काळीही मतभेद झाले. किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजात बसून ते गुपचूप कोचीनला निसटले. तिथून सिलोन गाठायचा विचार होता. पण त्यांना कोचीनमध्येच गाठून परत मुंबईला आणलं गेलं. नेपियनला हे आपल्या सौजन्याचा गैरफायदा घेतल्यासारखं वाटलं, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. त्यानंतर हॉलने गव्हर्नरला एक लांब पत्र लिहिलं. सूर नम्र, पण माघार नाही: आम्ही राजकारणासाठी आलेलो नाही, आणि आम्हाला परत पाठवण्याची जबाबदारी तुम्ही शेवटी ईश्वरासमोर घेणार आहात. सामान जहाजावर चढवायची वेळ आली होती. अगदी शेवटच्या घटकेला नेपियनने हुकूम तहकूब केला आणि प्रकरण लंडनच्या डायरेक्टरांकडे पाठवलं. तिकडे पार्लमेंटने १८१३ मध्ये कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केलीच होती. डायरेक्टरांपैकी चार्ल्स ग्रांटने या अमेरिकनांची बाजू लावून धरली. राहायची परवानगी मिळाली. १८१४ मध्ये विधुर न्यूएलही सिलोनहून मुंबईला येऊन मिळाला.

आता खरा रोजचा संसार सुरू झाला. त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणायला हवी. तटबंदीच्या आतला कोट, त्यात गोऱ्यांची आणि धनिक पारशी-बनियांची घरं. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर कोटाबाहेर पसरत गेलेली दाट देशी वस्ती. कोळी, भंडारी, पाठारे प्रभू, पाचकळशी, ब्राह्मण, बोहरी, खोजे, कोकणी मुसलमान, बेने इस्राएली, पोर्तुगीज काळापासूनचे ख्रिस्ती, सगळे एका बेटावर. साष्टीपलीकडे, घाटावर, अजून बाजीराव पेशव्याचं राज्य. तिथे जाऊन उपदेश करण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून मुंबईची गल्ली हेच हॉलचं क्षेत्र झालं.

त्याचा क्रम असा की उन्हं चढायच्या आत आणि पुन्हा ती कलल्यावर पायी बाहेर पडायचं. देवळासमोर, तळ्याच्या पायऱ्यांवर, बाजाराच्या नाक्यावर, जत्रेत, जिथे चार माणसं उभी असतील तिथे थांबायचं आणि बोलू लागायचं. देवळासमोर उभं राहून मराठी बोलणारा गोरा हे लोकांसाठी नवलच होतं. गर्दी जमे. कोणी ऐकून घेई, कोणी प्रश्न विचारी, कोणी वाद घाली, कोणी हसून पुढे जाई. मिशनऱ्यांच्या रोजनिशींत लोकांचं एक उत्तर पुन्हा पुन्हा भेटतं: देवाने तुम्हाला तुमचा धर्म दिला, आम्हाला आमचा, ज्याने त्याने आपापला पाळावा. हॉलला हे उत्तर चुकवाचुकवीचं वाटे. खरं तर अनेक धर्मांच्या शेजारात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांचं ते पुरतं विचार केलेलं मत होतं. न्यू इंग्लंडमधल्या एकाच पंथाच्या गावात वाढलेल्या तरुणाला त्यातलं शहाणपण उमगलं नाही.

हे स्पष्ट म्हणायला हवं. हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी इथल्या देवधर्मावर जे लिहिलं, त्यात कठोरपणा आहे आणि पुष्कळदा अन्यायही. मूर्ती दिसली की त्यांना फक्त अंधार दिसे. अभंग म्हणत जाणारा वारकरी काय म्हणतो आहे, हे ऐकायला लागणारं मोकळं मन त्यांच्यापाशी नव्हतं. पण त्याच माणसांनी लोकांशी बोलायचं तर लोकांच्याच भाषेत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला आणि कधी मोडला नाही. दुभाषी घेऊन काम भागवणाऱ्या साहेबांच्या शहरात ही साधी गोष्ट नव्हती.

प्रौढ माणसं ऐकतात पण हलत नाहीत, हे लवकरच ध्यानात आलं. मग त्यांनी शाळा काढल्या. पहिली १८१५ मध्ये. तोवर मुलांचं शिक्षण म्हणजे एखाद्या पंतोजीच्या ओसरीवर धुळाक्षरं, पाढे आणि मोडी. मिशनने तीच चौकट उचलली, फी घेतली नाही आणि वाचायला छापील पुस्तकं दिली. शिकवायला ख्रिस्ती शिक्षक आणणार कुठून? म्हणून हिंदू पंतोजीच नेमले, पुढे बेने इस्राएली शिक्षकही आले. ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली ब्राह्मण शिक्षक मुलांकडून घोकून घेतो आहे, असं दृश्य या शाळांत दिसे. अमेरिकेतल्या काही देणगीदारांना ते रुचलं नाही, पण दुसरा मार्गच नव्हता. आईबापांनी तोटा-फायदा नीट पाहिला: लेखन-गणित येतं, पैसा पडत नाही, धर्म तर आपल्या घरचा आहेच. मुलं येत राहिली आणि शाळा वाढत गेल्या. १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. सभ्य घरातल्या मुलीने अक्षर गिरवणं हेच ज्या काळी अशुभ मानलं जाई, त्या काळातली ही गोष्ट.

शाळा म्हटली की पुस्तक आलं, आणि पुस्तक म्हटलं की छापखाना. १८१६ च्या अखेरीस होरेशियो बार्डवेल नावाचा नवा मिशनरी आला. अमेरिकेत असताना त्याने मुद्रणाचं काम थोडंफार शिकून घेतलं होतं. कलकत्त्याहून एक लाकडी छापयंत्र आणि देवनागरी खिळ्यांचा एक संच आला. रोमन अक्षरं सव्वीस. बाळबोधीचं तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, या सगळ्यांसाठी वेगवेगळे खिळे. पेटीतल्या शेकडो खणांत नेमका कोणता खिळा कुठे आहे हे हाताला पाठ व्हावं लागतं. एक वेलांटी खाली घसरली की ओळ बिघडते. शिकलेले जुळारी मुंबईत नव्हते. मिशनऱ्यांनी स्वतः बाह्या सरसावून, शाई लावून, दोन-चार स्थानिक मदतनिसांना हाताशी धरून काम चालवलं. मार्च १८१७ मध्ये आठ पानांची पहिली पुस्तिका निघाली, १,५०० प्रतींची. त्याच वर्षी मत्तयाच्या शुभवर्तमानाचं मराठी भाषांतर छापायला घेतलं. लिपी बाळबोध ठरवली होती. केरीने मराठी मोडीत छापली होती आणि रोजच्या व्यवहारात मोडीच चालत होती, तरी छापील मराठीचं वळण पुढे बाळबोधीकडेच गेलं. त्यात या छापखान्याचा वाटा आहे.

१८१६ च्या डिसेंबरात हॉलने मार्गारेट लुइस या इंग्रज बाईशी लग्न केलं. ती काही वर्षं हिंदुस्थानातच राहिलेली, त्यामुळे इथलं घर चालवणं तिला नवं नव्हतं. मुलं झाली. पण मुंबईची हवा या लोकांना सोसवत नव्हती. नॉट १८१५ मध्येच प्रकृतीमुळे परतला. बार्डवेललाही पुढे प्रकृतीपायी मायदेश गाठावा लागला. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये मुंबईत पोचली आणि दर काही महिन्यांनी डोकं वर काढू लागली. ३० मे १८२१ ला न्यूएल पटकीने गेला. नवे आलेले निकल्स १८२४ मध्ये आणि फ्रॉस्ट १८२५ मध्ये वारले. मार्गारेट दोन मुलांना घेऊन १८२५ मध्ये अमेरिकेला निघाली. मुलांच्या जिवासाठी हॉलने हा वियोग पत्करला, तरी त्यांतला एक मुलगा वाटेत समुद्रावरच दगावला. मुंबईत मागे राहिले हॉल, ॲलन ग्रेव्हज आणि मुद्रक जेम्स गॅरेट.

एव्हाना पेशवाई बुडाली होती. घाटावरचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला, तरी गव्हर्नर एल्फिन्स्टनने तिथे मिशनऱ्यांना मोकळं रान दिलं नाही. नुकत्याच जिंकलेल्या लोकांना धर्माच्या कारणाने डिवचायचं नाही, हे त्याचं धोरण. स्कॉटिश मिशनऱ्यांनाही पुण्याऐवजी १८२३ मध्ये बाणकोटला बसावं लागलं. हॉलची नजर मात्र घाटाकडेच होती. २ मार्च १८२६ ला ख्रिस्ती कुटुंबांतली दोन मुलं बरोबर घेऊन, पुस्तकांची गाठोडी आणि औषधांची पिशवी घेऊन, तो नाशिककडे निघाला.

नाशकात पटकीचं थैमान चाललं होतं. गोदेकाठी चिता विझत नव्हत्या. उपदेश बाजूला पडला. फिलाडेल्फियात ऐकलेल्या वैद्यकाच्या आधारावर तो आजाऱ्यांना औषध देत फिरला. त्या काळी पटकीवर अफूचा अर्क किंवा कॅलोमेल याहून फारसं काही नसे. तेही त्याने वाटता वाटता जवळजवळ संपवलं. १९ मार्चच्या रात्री परतीच्या वाटेवर एका गावात त्याने देवळाच्या ओवरीत अंथरूण टाकलं. पहाटे चारच्या सुमाराला त्यालाच पटकी झाली. पिशवीत उरलेलं औषध घेतलं, ते पोटात ठरलं नाही. आपण वाचत नाही हे त्याने ओळखलं. घड्याळ कोणाला द्यायचं, कपड्यांचं काय करायचं, हे त्या मुलांना नीट समजावून सांगितलं, प्रार्थना केली, आणि दुपारच्या सुमाराला प्राण सोडला. २० मार्च १८२६. वय एकेचाळीस. परक्या गावात, साथीच्या भीतीत, दोन पोरांनी मिनतवाऱ्या करून खड्ड्यापुरती जागा मिळवली. पेटी नव्हती, म्हणून त्याला घोंगडीत गुंडाळून पुरलं.

तेरा वर्षांत या मिशनकडे मुंबईत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. १८१९ मध्ये हैदराबादचा कादिर यार खान हे त्यातलं ठळक नाव. बोस्टनच्या हिशेबाने हे अपयशच होतं, आणि बोर्डाला त्याची चिंता वाटत असे. पण त्याच १८२६ साली मिशनच्या छापखान्यातून संपूर्ण नवा करार मराठीत बाहेर पडला. हॉलने त्यावर कित्येक वर्षं घालवली होती.

छापखान्याचं पुढे काय झालं, ते तर खुद्द हॉललाही सुचलं नसतं. मिशनची छापील पुस्तकं पाहून गणपत कृष्णाजींनी खटपटीने स्वतःचं यंत्र आणि खिळे तयार केले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. मिशनच्या छापखान्यात लहानाचा मोठा झालेल्या टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे नवे, सुबक, लहान खिळे पाडले. त्याच्या हाताखाली टाइप घासायला आलेला गरीब मुलगा म्हणजे जावजी दादाजी, पुढे निर्णयसागरचा मालक. संस्कृत काव्यं, शास्त्रं, पुराणं यांच्या निर्णयसागरी आवृत्त्या काशीपर्यंत प्रमाण मानल्या गेल्या. त्या टाइपाचं वळण या छापखान्यात घडलं होतं.

वादविवादांनाही नवं साधन मिळालं. मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर द्यायला मोरभट दांडेकर १८३१ मध्ये मुंबईत उभे राहिले, आणि दोन्ही बाजू छापील पुस्तकांनी लढल्या. सुशिक्षित मराठी माणूस आपल्याच धर्माकडे चिकित्सेने पाहू लागला, त्यात या डिवचण्याचा भाग आहे. ते डिवचणं बोचरं होतं म्हणून तो नाकारता येत नाही.

हॉल गेल्यानंतर दोन वर्षांच्या आतच, १८२७ च्या अखेरीस, सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून मुंबईत उतरली. तिनेही आधी पंडितापुढे बसून मराठी गिरवली आणि मग मुलींच्या शाळा हाती घेतल्या. घाटावर पाय रोवायची हॉलची इच्छा १८३१ मध्ये अहमदनगरचं मिशन सुरू झाल्यावर पुरी झाली. १८३९ मध्ये फरारबाई नगरला गेल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले परत आले ते मुलींसाठी शाळा काढायचा विचार पक्का करूनच, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडेच घेतलं. फरारबाई पुन्हा कायमच्या मायदेशी गेल्या नाहीत. १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा मृत्यू झाला.